गोल्फ क्लबची मूठ हाताला बसत नाही? ती घरीही बदलता येते

माझे एक काका खारघरला राहतात. वय एकाहत्तर. नोकरीत असताना त्यांनी कधी गोल्फची काठी हातात धरली नव्हती, पण निवृत्तीनंतर सकाळच्या फेरीत सिडकोचं खारघर व्हॅली गोल्फ कोर्स दिसायचं, आणि एक दिवस ते आत गेले ते गेलेच. पुतण्याने अमेरिकेहून येताना जुना सेट आणून दिला. चार वर्षं मजेत खेळले. मग उजव्या अंगठ्याच्या बुंध्याशी दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, सांध्याची झीज आहे, वयाप्रमाणे होते, जोरात पकडायची कामं कमी करा. काकांनी सेट विकायला काढला.

रेंजवर नेहमी भेटणाऱ्या एका खेळाडूने त्यांचा क्लब हातात घेऊन फिरवून पाहिला आणि विचारलं, "काका, ही मूठ तुमच्या हाताची आहे का?" ती नव्हती. पुतण्याचे हात लहान, काकांचे पंजे मोठे. त्यात रबर दहा वर्षांचं, वाळून गुळगुळीत झालेलं. काठी निसटू नये म्हणून काका चार वर्षं ती नुसती आवळत होते.

आपल्यापैकी बहुतेकांनी गोल्फ खेळलेला नसतो. पण मुठीचा हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. बॅडमिंटनची रॅकेट घेताना दांड्यावर जी४, जी५ असं लिहिलेलं असतं, ती मुठीची जाडीच असते, आणि गंमत म्हणजे आकडा जितका मोठा तितकी मूठ बारीक. टेनिसवाले मुठीवर पातळ ओव्हरग्रिप गुंडाळून जाडी थोडी वाढवतात. क्रिकेटमध्ये तर बॅटच्या दांड्यावर दोन-दोन रबरं चढवणारे फलंदाज प्रत्येक मैदानावर सापडतात. २००७ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ॲडम गिलख्रिस्टने श्रीलंकेविरुद्ध १०४ चेंडूंत १४९ धावा केल्या, तेव्हा त्याच्या खालच्या हाताच्या ग्लोव्हमध्ये स्क्वॉशचा अर्धा चेंडू होता. खालच्या हाताची पकड बदलावी, तो हात गरजेपेक्षा जास्त काम करू नये, एवढाच त्यामागचा हेतू. वाद झाला, पण नियम मोडलेला नाही असा निर्वाळा एमसीसीने दिला.

गोल्फमध्ये हा प्रश्न अधिक नाजूक होतो. बॅट थोडी वळली तरी चेंडू बॅटलाच लागतो. गोल्फ क्लबचं डोकं दोन-तीन अंश वळलं तर दीडशे मीटरवर चेंडू गवतातून थेट झुडपात जातो. आणि डोकं वळतं ते मुठीतून.

एक-दीड मिलिमीटरने काय होतं?

गोल्फच्या ग्रिपचे ढोबळ चार आकार मिळतात: अंडरसाइझ, स्टँडर्ड, मिडसाइझ आणि जम्बो. माप घ्यायची जागा ठरलेली आहे, ग्रिपच्या वरच्या टोकापासून दोन इंच खाली. तिथे पुरुषांच्या स्टँडर्ड ग्रिपचा व्यास साधारण २२.९ मिमी असतो. मिडसाइझचा २४.४ च्या आसपास आणि जम्बोचा २६. म्हणजे स्टँडर्ड आणि मिडसाइझ यांच्यात जेमतेम दीड मिलिमीटरचा फरक.

ऐकायला हा फरक क्षुल्लक वाटतो. पण बोटं व्यास मोजत नाहीत, ती मुठीभोवती गुंडाळली जातात. त्यांना जाणवतो तो परीघ. व्यास दीड मिलिमीटरने वाढला की परीघ पावणेपाच मिलिमीटरने वाढतो. जे बोट तळव्यात रुतत होतं, त्याच्या आणि तळव्याच्या मध्ये फट पडायला तेवढं पुरेसं असतं.

आपली मूठ योग्य आहे का हे पाहायची जुनी खूण सोपी आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्याने क्लब नेहमीसारखा डाव्या हातात धरायचा. मधल्या दोन बोटांची टोकं अंगठ्याखालच्या मांसल उंचवट्याला नुसती टेकली पाहिजेत. बोटं तिथे रुतत असतील तर मूठ बारीक आहे, आणि मध्ये मोकळी जागा राहत असेल तर जाड. दुसरी खूण हाताच्या लांबीची. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पट्टीने मोजा. १८ सेंटिमीटरपेक्षा कमी भरलं तर अंडरसाइझ, साधारण १८ ते २२ असेल तर स्टँडर्ड, २१ ते साडेतेवीस असेल तर मिडसाइझ, त्याच्या वर जम्बो. २१ ते २२ च्या मधला हात दोन्हीकडे बसतो. तिथे बोटांची लांबी आणि स्वतःची आवड ठरवते.

ग्रिप बारीक असेल तर चेंडू डावीकडे वळतो आणि जाड असेल तर उजवीकडे, असं गोल्फच्या प्रत्येक क्लबहाउसमध्ये ऐकायला मिळतं. कारण असं सांगतात की बारीक मुठीत मनगटं जास्त फिरतात, जाड मुठीत ती अडखळतात. त्यात तथ्य असेल, पण मी यावर फार भिस्त ठेवणार नाही. जाड ग्रिप लावून सरळ किंवा डावीकडे मारणारेही भरपूर आहेत. बब्बा वॉटसन हा डावखुरा अमेरिकन खेळाडू ग्रिपखाली वरच्या हाताला टेपचे १० आणि खालच्या हाताला १२ थर लावतो म्हणून प्रसिद्ध आहे, आणि चेंडू दोन्ही दिशांना हवा तसा वळवण्यासाठी त्याहूनही जास्त. त्याने २०१२ आणि २०१४ ची मास्टर्स जिंकली. ब्रायसन डिशांबो तर जम्बोपेक्षाही जाड ग्रिप वापरतो.

ज्याबद्दल शंका नाही ती गोष्ट वेगळी आहे. बारीक आणि गुळगुळीत वस्तू धरून ठेवायला जास्त जोर लावावा लागतो आणि बोटांचे सांधे जास्त वाकवावे लागतात. म्हणूनच संधिवाताच्या रुग्णांना पेन, चमचा, टूथब्रश यांच्या दांड्यांवर फोमची नळी चढवायला सांगतात. दांडा जाड झाला की तीच पकड कमी जोरात मिळते आणि अंगठ्याच्या बुंध्यावरचा ताण घटतो. काकांना हवं होतं ते एवढंच. (दुखणं नवीन असेल, रात्री झोपेत कळ येत असेल किंवा बोट अडकून झटक्याने उघडत असेल, तर टेप आणायच्या आधी डॉक्टरांकडे जा. ग्रिप हे औषध नाही.)

क्रिकेटच्या रबरापेक्षा काम वेगळं का?

बॅटचं रबर म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडी पातळ नळी. लाकडी शंकूवर चढवून, गुंडाळी करून दांड्यावर सोडून दिली की झालं. गोल्फची ग्रिप वरच्या बाजूने बंद असते. टोपीसारखी. ती कोरडी ढकलली तर आत हवा अडकते आणि अर्ध्यात थांबते. शिवाय ती फिरता कामा नये, म्हणून आत चिकट टेप लागतो. आणि चिकट टेपवरून रबर ढकलायला गेलं की ते पहिल्या दोन इंचांतच चिकटून बसतं.

यावरचा तोडगा हुशारीचा आहे. दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर विद्रावक ओतलं की त्याचा चिकटपणा काही सेकंदांपुरता जातो आणि पृष्ठभाग बुळबुळीत होतो. तेवढ्यात ग्रिप सरकन खाली जाते. मग विद्रावक हळूहळू उडून जातं आणि चिकटपणा परत येतो. ग्रिपच्या टोपीला एक बारीक भोक असतं ते हवेच्या आणि या वाफेच्या सुटकेसाठी.

आणि जाडी? ती या टेपखाली लपवतात. शाफ्टवर आधी रंगारी वापरतात तो कागदी मास्किंग टेप, त्यावर चिकट टेप, त्यावर ग्रिप. मास्किंग टेपची जाडी साधारण ०.१३ मिमी. एका थराने व्यास त्याच्या दुप्पट, म्हणजे पाव मिलिमीटर वाढतो. चार थर दिले की एक मिलिमीटर. स्टँडर्डपासून मिडसाइझच्या वाटेवर दोन तृतीयांश अंतर झालं. कल्पना जुनीच आहे. रबराच्या ग्रिप येण्याआधी क्लबवर चामड्याची पट्टी गुंडाळत आणि तिच्याखाली अस्तर देऊन जाडी साधत. थॉमस फॉविक या अमेरिकन उद्योजकाने १९४९ मध्ये गोल्फ प्राइड सुरू केली आणि रबराने चामड्याची जागा घेतली; अस्तराचं काम टेपकडे आलं.

प्रत्यक्ष काम

जुनी ग्रिप सहसा वाचत नाही. ती कापूनच काढावी लागते, त्यामुळे नवीन ग्रिप हाताशी असल्याशिवाय कटर उचलू नका. विकत घेताना ग्रिपच्या तोंडाशी आत लिहिलेला आकडा पाहा, ५८ किंवा ६०. तो इंचाचे शंभरावे भाग आहे: ०.५८० इंच म्हणजे १४.७ मिमी, ०.६०० म्हणजे १५.२ मिमी. शाफ्टचं वरचं टोक तेवढ्याच जाडीचं हवं. ५८ ची ग्रिप ६० च्या शाफ्टवर चढते, पण ताणली जाऊन थोडी जाड होते. ६० ची ५८ वर चढवली तर थोडी बारीक होते. पुष्कळ लोकांची मापं इथेच चुकतात आणि मग ते टेपला दोष देतात. शाळेत फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला वापरलेला व्हर्निअर कॅलिपर आठवतो? तो या कामी येतो.

कटरचं पातं नेहमी अंगापासून दूर चालवायचं. शाफ्ट स्टीलचा असेल तर फारशी चिंता नाही, पण ग्रॅफाइटचा असेल तर साध्या पात्याचा एक खोल ओरखडा त्याचे धागे तोडतो आणि पुढे कधीतरी तिथेच शाफ्ट मोडतो. ग्रॅफाइटसाठी आकड्यासारखं वाकडं पातं वापरतात, ते रबर आतून वर उचलत कापतं. रबर निघालं की खाली जुना टेप दिसेल. दहा वर्षांचा टेप नखाने निघत नाही. केस वाळवायचा ड्रायर दोन मिनिटं फिरवा, मग सोलून काढा, उरलेला चिकटा फडक्याने पुसा. या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ जातो आणि इथेच सगळे घाई करतात. खाली चिकट्याची एक गुठळी राहिली तर ती वरून आयुष्यभर हाताला लागते.

आता मास्किंग टेप. हार्डवेअरच्या दुकानात रंगकामाचा मिळतो तोच. पट्टी शाफ्टच्या लांबीला समांतर लावून दोन्ही बाजूंनी दाबत न्या, नाहीतर तिरकी गुंडाळा, पण कडेवर कड चढू देऊ नका. किती थर द्यायचे? काकांच्या ७ नंबरच्या आयर्नला आम्ही ठरवलं चार थर. अंदाज घ्यायला तेवढे थर दिल्यावर वर ग्रिप न चढवता मोजून पाहता येतं, आधी आणि नंतर.

एक बारकावा. गोल्फची ग्रिप खाली निमुळती होत जाते, म्हणजे खालच्या हाताला बारीक मूठ मिळते. ज्यांचा खालचा हातच जास्त आवळतो त्यांनी खालच्या अर्ध्या भागाला दोन थर जास्त द्यावेत. ही युक्ती इतकी रुळली आहे की गोल्फ प्राइड आता 'प्लस४' नावाची ग्रिप तयारच विकते, तिचा खालचा भाग चार जादा थर दिल्याइतका जाड असतो. मात्र मध्येच फुगवटा किंवा कंबर होईल असे थर देऊ नका. हातात विचित्र लागतं, आणि ते नियमातही बसत नाही. आर अँड ए आणि यूएसजीए यांच्या नियमांप्रमाणे पटर सोडून बाकी क्लबची ग्रिप गोलच हवी, बोटांच्या आकाराचे खळगे नकोत, फुगवटा नको, आणि जाडी कुठेही ४४.४५ मिमीच्या वर नको. शेवटची अट तुम्ही घरी मोडणं जवळपास अशक्य आहे.

मास्किंग टेपवर चिकट टेपची एक पट्टी. इथे आपल्याकडे एक घोळ होतो. स्टेशनरीच्या दुकानात "डबल-साइड टेप द्या" म्हटलं की बहुतेकदा फोमचा जाड टेप हातात पडतो, भिंतीवर हूक चिकटवायचा. तो इथे चालत नाही. पातळ कागदी डबल-साइड टेप हवा, दोन इंच रुंदीचा मिळाला तर उत्तम. शाफ्टच्या टोकाच्या पुढे तो अर्धा इंच राहू द्या आणि पिळून पोकळ शाफ्टच्या आत खोचा, म्हणजे विद्रावक आत जाणार नाही.

विद्रावकाबद्दल जरा थांबून सांगतो. रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन चालतं, वाळायला एक रात्र घेतं. पेट्रोल वापरू नका. चालतं, लवकर उडतं, आणि म्हणूनच घातक आहे. बंद खोलीत त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि शेजारच्या खोलीतल्या ठिणगीपर्यंत पोहोचते. टर्पेंटाइनही ज्वलनशीलच. गॅलरीत बसा, गॅस बंद, देवघरातला दिवा विझलेला, हातात रबरी मोजे. आणि रॉकेल नको. हे मी अनुभवाने सांगतोय. पहिल्या क्लबला मी घरात होतं म्हणून रॉकेल वापरलं. ग्रिप लोण्यासारखी चढली. दुसऱ्या दिवशी रेंजवर काकांच्या पाचव्या फटक्याला ती हातातल्या हातात फिरली, आणि तिसऱ्या दिवशीही फिरतच होती. रॉकेलचा तेलकट अंश मागे राहतो आणि टेप पुन्हा नीट चिकटतच नाही. ती ग्रिप कापून टाकावी लागली. फिरली एवढ्यावर भागलं, हातातून सुटली असती तर शेजारच्या खेळाडूच्या अंगावर गेली असती.

आता शेवटचा अर्धा मिनिट. ग्रिपच्या टोपीचं भोक बोटाने किंवा गोल्फच्या टीने बंद करा. आत दोन-तीन चमचे टर्पेंटाइन ओता, तोंड दाबून हलवा, आणि तेच टर्पेंटाइन टेपवर सगळीकडे ओता. खाली जुनी परात ठेवलेली बरी. कोरडी जागा एकही राहता कामा नये. मग ग्रिपचं तोंड शाफ्टच्या टोकाला लावून थोडं चिमटून आत घ्या, भोक मोकळं करा आणि एका दमात शेवटपर्यंत ढकला. मध्ये थांबायचं नाही, विचार करायचा नाही. टोक आत टेकल्याचा ठक्क जाणवतो. क्लब व्हाइसमध्ये पकडायचा असेल तर शाफ्टभोवती रबर गुंडाळा. घरात व्हाइस नसेल तर दुसऱ्या माणसाने क्लबचं डोकं घट्ट धरलं तरी भागतं. आमच्याकडे ते काम काकूंनी केलं.

चढल्यावर मिनिटभर ग्रिप फिरवता येते. क्लब जमिनीवर टेकवून त्याची धार सरळ आहे ना पाहा आणि ग्रिपवरची छापील खूण बरोबर मधोमध आणा. काही ग्रिपना आतून पाठीमागे बारीक उंच रेघ असते, बोटांना दिशा कळावी म्हणून. तसली असेल तर ती बरोबर खालच्या बाजूला आली पाहिजे, अन्यथा प्रत्येक फटक्याला हात तुम्हाला चुकीची दिशा सांगत राहतील. मग रात्रभर ठेवून द्या.

पाण्याने सक्रिय होणारे टेपही मिळतात, वास नाही की आगीची भीती नाही. पण जुलैत नवी मुंबईच्या हवेत टॉवेल वाळत नाही, तिथे ग्रिपच्या आतलं पाणी काय वाळणार. पावसाळ्यात तसा टेप लावला तर दोन दिवस तरी क्लबला हात लावू नका.

सगळे एकदम बदलायचे का?

नाही. नियमाप्रमाणे पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब असतात. एका ७ नंबरच्या आयर्नवर प्रयोग करा, आठवडाभर खेळा, मग ठरवा. जाडीबरोबर वजनही वाढतं. स्टँडर्ड ग्रिप साधारण ५० ग्रॅमची. मुठीकडे पाचेक ग्रॅम वाढले की डोकं हाताला थोडं हलकं वाटू लागतं. कारागीर ज्याला स्विंगवेट म्हणतात ते एका घराने उतरतं. नवशिक्याला ते कळत नाही, वीस वर्षं खेळणाऱ्याला पहिल्याच फटक्यात कळतं.

पटरची गोष्ट निराळी. तिथे ग्रिप गोल असायची सक्ती नाही, आणि मनगट हलू नये म्हणून अनेक जण मुद्दाम जाड, चौकोनी बाजूंची ग्रिप लावतात. जॉर्डन स्पीथने २०१५ ची मास्टर्स तसल्याच जाड ग्रिपने जिंकली. ज्यांच्या अंगठ्याला त्रास आहे त्यांनी सुरुवात पटरपासून केली तरी चालेल, कारण एका फेरीत सगळ्यात जास्त वेळा हातात येतो तो तोच.

कधी कधी काही बदलायची गरजच नसते. ग्रिप मापाची असते, नुसती मळलेली असते. घामाचं तेल, सनस्क्रीन, रेंजवरची धूळ यांचा थर बसून रबर काचेसारखं होतं आणि आपण समजतो मूठ बारीक आहे. भांडी घासायचा साबण, कोमट पाणी आणि मऊ ब्रश घ्या, घासा, टॉवेलने पुसा, सावलीत वाळवा. त्यानंतरही बोटं सरकत असतील तर रबर संपलं. रोज खेळणाऱ्याचं वर्षभरात संपतं, आणि खाडीकाठच्या दमट हवेत गाडीच्या डिकीत पडलेलं न खेळताही संपतं.

खाडीपलीकडे चेंबूरच्या वस्त्यांमधले कॅडी बांधकामाच्या सळया वाकवून त्यांचे क्लब करतात आणि गल्लीत प्लॅस्टिकच्या चेंडूने खेळतात. सळई बोटभर जाडीची, नुसती धरून मारली तर पहिल्याच फटक्याला झिणझिण्या येतील. तिला मूठ करावीच लागते, आणि ती ज्याच्या त्याच्या हाताच्या मापाचीच होते.

काकांनी आतापर्यंत सहा क्लब बदललेत. ड्रायव्हरला अजून हात लावू देत नाहीत. त्याचा शाफ्ट ग्रॅफाइटचा आहे आणि त्यांनी मला कटर चालवताना पाहिलं आहे.